काळ्या मारबतीचे प्रिंट आणि बर्डीवरचे डार्करूमवाले काका

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळतात तो मोठा पुतळा. त्या दिवशी इतवारीत काढलेला एक फोटो आहे माझ्याकडे, इलफर्ड एचपी५ या ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मवर, काळी मारबत अगदी समोर आणि मागे धूर न माणसंच माणसं. भिंतीवर लावायचा होता म्हणून एकच निगेटिव्ह दोन ठिकाणी दिली. एक डिजिटल लॅब, स्कॅन करून पिगमेंट इंकने आर्ट पेपरवर, ८ बाय १० चे ७०० रुपये. दुसरे बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मागच्या गल्लीतले एक काका, घरातच डार्करूम (अंधाऱ्या खोलीत केमिकलने हाताने प्रिंट काढतात ती), तेवढ्याच साइजचे १,८००. आई म्हणे, फोटोच आहे नं, सोन्याचा हाय का? (डार्करूमच्या प्रिंटमधला काळा चांदीचा असतो खरं तर, पण जाऊ द्या.)

डिजिटलवाला तिसऱ्या दिवशी मिळाला. शार्प, एक डाग नाही, पण मारबत काळी दिसेना, राख फासल्यासारखी दिसत होती. मी लगेच सगळ्या दोस्तांना सांगून मोकळा, की डिजिटलमध्ये दम नाही. चूक माझीच निघाली. मी मॅट कॉटन पेपर निवडला होता, त्यावर इंकचा काळा तेवढा खोल जातच नाही. तोच फोटो बरायटा पेपरवर (किंचित चमकणारा, काळा खोल दाखवणारा कागद) काढला, २०० जास्त लागले, आणि खरं सांगतो, हातभर अंतरावरून काकांचा कोणता न हा कोणता ते मलाही ओळखू येईना.

मग काकांना जास्तीचे पैसे कशाचे? मे महिन्यात गेलो होतो, पहाटे ५ ला बोलावलं, कारण डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं केमिकल, पाहिजे २० डिग्रीला आणि आपल्या नळाला मे मध्ये चहाचं पाणी येतं. ट्रेच्या खाली बर्फाच्या पिशव्या. लाल लाइटात आधी उजेड किती लागेल ते पाहायला कागदाच्या पट्टीवर टेस्ट स्ट्रिप काढली, मग तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती मारबतीच्या तोंडावर धरून हलवत राहिले म्हणजे तिथे उजेड कमी पडेल, आणि धुराच्या जागी उलट, मुठीच्या फटीतून जास्तीचा उजेड दिला. कागद डेव्हलपरमध्ये टाकला आणि सगळ्यात आधी मारबतच वर आली, काळी ती पहिले, बाकीची गर्दी मागून हळूहळू. हे पाहायलाच मी १०० रुपये वेगळे दिले असते.

दोन कॉपी सांगितल्या होत्या. दोन्हीतला धूर वेगळा! म्हटलं, काका, सेम नाहीत नं हे. तर म्हणतात, "सेम पायजे होते त झेरॉक्स काढाची नं बे." आता काय बोलणार. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सनेही १९४१ च्या मूनराइज या चंद्रोदयाच्या फोटोच्या निगेटिव्हचे पुढे कितीतरी वर्षं प्रिंट काढले आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आभाळ काळं काळं होत गेलं, तेव्हा काकांचं अगदीच चूक नाही.

पण दोन महिन्यांनी एका कॉपीची कड पिवळी पडली, ते मात्र चूकच. फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) नीट धुतला गेला नव्हता, काकांच्या फायबर पेपरला (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदाला) तासभर वाहतं पाणी लागतं आणि त्या दिवशी म्हणे नळच गेले होते. बदलून दिली, फुकट दिली, पण तीन आठवडे फेऱ्या मारायला लावल्या.

आणि डार्करूमचं म्हणजेच खरं आर्ट, बाकी सगळं प्रिंटर, हे मला पटत नाही. जर्मन फोटोग्राफर गुर्स्कीचा ऱ्हाइन नदीचा फोटो, कॉम्प्युटरवर इमारत पुसून काढलेला, २०११ मध्ये ४३ लाख डॉलरला गेला. एक्झिबिशनला दहा सारख्या कॉपी लागल्या तर मी लॅबमध्येच जाईन, बरायटा सांगून. घरच्या भिंतीवर मात्र काकांचाच लागलाय, तो जास्त धुराचा.

पाचपैकी चार. फोन करून जा, गाडी लावायला जागा नाही, आणि प्रिंट घेताना किती वेळ धुतला ते विचारा. काका चिडतात, तरी विचारा.