सरासरी एफपीएसवर भागत नाही: कॅपफ्रेमएक्स अनेक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेम कसा चालतो, असं कुणाला विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं: "ऐंशी एफपीएस देतो ना भाऊ." दुकानात, ग्रुपवर, यूट्यूबवर, सगळीकडे हा एकच आकडा फिरतो. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, तयार होतात. मी उन्हाळ्याच्या आधीपासून कॅपफ्रेमएक्स हा प्रत्येक फ्रेमची वेळ मोजणारा प्रोग्राम वापरतोय. आता हा आकडा एकटा कानावर पडला की मी लगेच पुढचं विचारतो: आणि सगळ्यात हळू फ्रेम्सना किती मिलिसेकंद लागले?

आधी हिशेब बघा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. पण त्या ६० फ्रेम एकसारख्या आल्या पाहिजेत असं कुठं आहे? समजा ५५ फ्रेम १२ मिलिसेकंदांत आल्या आणि उरलेल्या ५ फ्रेमना प्रत्येकी ६८ मिलिसेकंद लागले. ६६० आणि ३४०, बेरीज बरोबर एक सेकंद. कोपऱ्यातला काउंटर ६०च दाखवणार, आणि तुमच्या डोळ्याला मात्र सेकंदात पाच वेळा हिसका बसणार. आमच्या विदर्भात शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हंगामाची पावसाची सरासरी भरून निघते, पण मधे वीस दिवसांचा खंड पडला तर सोयाबीन गेलंच.

कॅपफ्रेमएक्स नेमका हा खंड दाखवतो. प्रोग्राम फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोजवर चालतो. मोजणीचं मूळ काम आत बसलेला इंटेलचा प्रेझेंटमॉन हा छोटा प्रोग्राम करतो. गेम प्रत्येक फ्रेम विंडोजच्या हवाली करतो तेव्हा त्याची नोंद विंडोजच्याच घटना-नोंदणीत होते. प्रेझेंटमॉन ती नोंद वाचतो. म्हणजे गेमच्या आत काही घुसवावं लागत नाही. गेम सुरू करायचा, एफ११ दाबायचं, बीप वाजतो, ठरवलेली वेळ संपली की पुन्हा बीप. फाइल आपोआप साठते, आणि त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, ड्रायव्हर कोणता होता हेही लिहिलेलं असतं. शेजारी स्वतःची टिप्पणी टाकता येते. ती सोय मला फार मोलाची वाटते, कारण दोन महिन्यांनी "ही फाइल कुठल्या सेटिंगची?" हा प्रश्न पडतोच.

मग येतो आलेख. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर प्रत्येक फ्रेमचे मिलिसेकंद. रेघ जितकी खाली आणि जितकी सपाट, तितका गेम लोण्यासारखा. वर उसळलेला प्रत्येक सुळका म्हणजे तुम्हाला हातात जाणवलेला एक अडथळा. पहिल्यांदा आपल्याच खेळाचा असा आलेख पाहिला तेव्हा मला फार समाधान वाटलं. जे इतके दिवस "काहीतरी अडकतंय यार" एवढंच सांगता येत होतं, ते समोर मोजून मांडलेलं होतं.

ही दृष्टी तशी नवी नाही. फ्रॅप्स हा जुना एफपीएस दाखवणारा प्रोग्राम १९९९ पासून होता आणि फ्रेमटाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची, फाइलही लिहून देत होता, पण बहुतेकांनी त्यातला पिवळा काउंटरच वापरला. २०११ मध्ये टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी एका सेकंदाच्या आत काय घडतं ते फ्रेमगणिक मांडून दाखवलं आणि कार्डांच्या परीक्षणाची पद्धतच बदलली. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट हे मोजणीचं साधन आणलं. त्यात प्रत्येक फ्रेमवर रंगीत पट्टी उमटवून पडद्याकडे जाणारा सिग्नल दुसऱ्या संगणकात रेकॉर्ड करत. त्या काळी हे काम प्रयोगशाळेचं होतं. आज ते माझ्या नागपूरच्या खोलीत एका बटणावर होतं, आणि त्यासाठी एक रुपया लागत नाही.

आता माझ्या मशीनचं. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, १०८०पीचा १४४ हर्ट्झ मॉनिटर, १६ जीबी रॅम. सायबरपंक २०७७ या गेममध्ये सरासरी ७१ यायची. कागदावर उत्तम. पण गेममधल्या काबुकी भागाच्या बाजारात शिरलो की चालताना कॅमेरा खडखडायचा. ग्रुपवर सल्ला मिळाला: कार्ड बदल. मी त्या बाजारातला एक ठरावीक रस्ता निवडला, तोच परत परत चाललो आणि प्रत्येक वेळी नोंद घेतली. १% लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) निघाला ४३, म्हणजे सगळ्यात हळू फ्रेम २३ मिलिसेकंदांच्या आसपास. सोबत सेन्सरचे आकडे लावून पाहिले, तर ज्या क्षणी सुळके येत होते त्याच क्षणी कार्डाचा वापर ७० टक्क्यांच्या खाली घसरत होता. कार्ड रिकामं बसून वाट बघत होतं! अडचण प्रोसेसरच्या बाजूला होती.

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण बरेच जण टास्क मॅनेजर उघडून "सीपीयू तर ४० टक्केच आहे" म्हणतात आणि प्रोसेसरला निर्दोष सोडतात. माझ्या प्रोसेसरला १२ थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी १२ कामं चालवू शकतो. त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड अडला की बाकीचे अकरा मोकळे असून उपयोग नसतो. कॅपफ्रेमएक्स सगळ्यात व्यस्त थ्रेडचा भार वेगळा दाखवतो, आणि माझ्याकडे तो सतत शंभराला टेकलेला होता.

पुढचा धागा रॅमचा. मशीन जोडून घेताना दुकानदाराने १६ जीबीची एकच स्टिक लावली होती. "पुढे वाढवायला बरं पडतं" हे त्याचं कारण. एक स्टिक म्हणजे रॅमचा एकच चॅनल चालू, प्रोसेसरला डेटा मिळण्याची रुंदी निम्मी. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते लिहिलेलं असतं. तुमचंही आत्ता बघून घ्या. मी तशीच दुसरी स्टिक आणली, योग्य स्लॉटमध्ये बसवली आणि तोच रस्ता पुन्हा चाललो. सरासरी ७१ वरून ७७. बस, एवढीच. पण १% लो ४३ वरून ५८. तुलनेच्या पानावर दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर जुनी रेघ काटेरी कुंपणासारखी आणि नवी तिच्या खालून शांत जाणारी. ज्याने फक्त सरासरी बघितली असती तो म्हणाला असता, रॅमचे पैसे वाया गेले. नव्या कार्डाच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ होता, आणि नवं कार्ड त्या बाजारात काहीच करू शकलं नसतं.

दुसरा प्रसंग मावसभावाच्या लॅपटॉपचा. आरटीएक्स ३०५० असलेला, मे महिन्यात घेतलेला. "दहा मिनिटं मस्त चालतो, मग मरतो," ही त्याची तक्रार. लॅपटॉपमधल्या ३०५० ला कंपनीनुसार ३५ ते ८० वॉटपर्यंत वीज दिली जाते. नाव एकच, ताकद वेगवेगळी. शोरूममधल्या पाटीवर वॉट लिहिलेले नसतात. त्याच्या मशीनवर लांबलचक नोंद घेतली. सुरुवातीला रेघ १४ मिलिसेकंदांवर सपाट. मग तापमान वर सरकत मर्यादेला टेकलं, वीज टप्प्याटप्प्याने कापली गेली, आणि रेघ २० च्या पुढे जाऊन वरखाली डोलू लागली. बाहेर ४५ अंश असताना याहून वेगळं काही होणं अवघडच. लॅपटॉप मागून उचलून हवा खेळती केली आणि आरटीएसएस हा वेगळा फुकट प्रोग्राम वापरून ४८ एफपीएसची मर्यादा घातली. त्याचा पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा ताजा (रिफ्रेश) होणारा, म्हणून प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश टिकते. आकडा कमी झाला, रेघ सपाट झाली, आणि तो आता तक्रार करत नाही. त्याच्यासाठी ही मर्यादाच खरी सुधारणा ठरली.

शेडर कंपायलेशनचा, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम कार्डासाठी ऐन वेळी तयार करण्याचा, त्रासही आलेखात स्वच्छ ओळखू येतो. नव्या जागी पहिल्यांदा गेलात, स्फोट पहिल्यांदा दिसला, की एक उंच सुळका; तिथेच दुसऱ्यांदा गेलात तर सुळका गायब. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या गेमला कार्डाशी जोडणाऱ्या प्रणालींमध्ये ही तयारी आधीच करून ठेवण्याची जबाबदारी बरीचशी गेमवर आली आहे. म्हणून मशीनची ताकद मोजायची असेल तर पहिली फेरी मी सोडून देतो. पण गेम विकत घ्यावा का, हे ठरवायचं असेल तर पहिली फेरीच महत्त्वाची, कारण खेळणारा प्रत्येक जागी पहिल्यांदाच जात असतो. परीक्षणं करणाऱ्यांनी दोन्ही फेऱ्या दाखवाव्यात असं माझं ठाम मत आहे.

आकडे वाचताना सावध राहावं लागतं. कॅपफ्रेमएक्स दाखवतो ते पी१ आणि १% लो एकच नव्हे. पी१ ही हद्द आहे: ९९ टक्के फ्रेम याहून जलद. १% लो म्हणजे त्या हद्दीपलीकडच्या सगळ्यात हळू फ्रेमची सरासरी, त्यामुळे तो नेहमी जास्त कडक येतो. त्यातही एक प्रकार फ्रेमच्या संख्येवर आणि दुसरा एकूण वेळेवर मोजलेला असतो. एकाच्या व्हिडिओतला आकडा आणि आपल्या मशीनवरचा आकडा शेजारी ठेवण्याआधी दोन्ही एकाच पद्धतीचे आहेत ना, ते बघा. आणि ०.१% लोच्या मागे फार लागू नका. २० सेकंदांच्या फेरीत ८० एफपीएसने १६०० फ्रेम होतात. त्याचा हजारावा भाग म्हणजे दीड-दोन फ्रेम. मागे विंडोजचा अपडेट जागा झाला तरी तो आकडा कोसळतो. मी किमान मिनिटभराची फेरी घेतो, तीच तीनदा करतो आणि फेऱ्या एकत्र करण्याची सोय वापरतो. वेगळी पडलेली फेरी प्रोग्राम स्वतः दाखवून देतो.

गेममध्ये स्वतःची चाचणी असेल तर काम सोपं होतं. सायबरपंक, रेड डेड रिडेम्प्शन २, शॅडो ऑफ द टुम रेडर या सगळ्यांत ती आहे. एल्डन रिंगसारख्या ६० ला बांधलेल्या गेममध्ये तर सरासरीला काही अर्थच उरत नाही. तिथे फ्रेमटाइमचाच आलेख बोलतो.

उणिवा आहेत. पहिल्यांदा उघडलं की पानांची आणि पर्यायांची गर्दी अंगावर येते. नवख्याला फक्त नोंद, विश्लेषण आणि तुलना ही तीन पानं पुरेत, बाकी नंतर. खेळताना पडद्यावर आकडे हवे असतील तर आरटीएसएस वेगळं लावावं लागतं. ते गेमच्या चित्रावर लिहितं, म्हणून अँटी-चीट, म्हणजे फसवणूक पकडणारी यंत्रणा, असलेल्या स्पर्धात्मक गेममध्ये मी ते बंदच ठेवतो आणि फक्त नोंद घेतो. सेन्सर फार भराभर वाचायला लावू नका. मोजण्याचाच भार मोजणीत येतो. लिनक्सवाल्यांना हा प्रोग्राम नाही, पण त्यांच्याकडे मँगोहड आहे आणि तोही नोंदीची फाइल देतो.

सगळ्यात मोठी मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. मुळात मोजली जाते ती गेमने फ्रेम विंडोजच्या हवाली केल्याची वेळ. ती पडद्यावर कधी उमटली आणि माउस हलवल्यापासून किती वेळाने उमटली, या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ या तंत्रासोबत फ्रेम जनरेशन आलं तेव्हापासून हा फरक जास्त बोचतो. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः रचतं, आकडा ५५ वरून ९५ होतो, पण तुमच्या हाताला प्रतिसाद देणाऱ्या फ्रेम वाढत नाहीत. त्यामुळे मी फ्रेम जनरेशन बंद ठेवून एक आणि चालू ठेवून एक अशा दोन वेगळ्या फाइली ठेवतो आणि त्यांची तुलना कधी एका तक्त्यात करत नाही. पायाचा आकडा, म्हणजे फ्रेम जनरेशन बंद असतानाचा, ६० च्या खाली असेल तर मी ते चालूच करत नाही, कितीही मोठा आकडा दिसो.

कार्ड बदलायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: ज्या जागी गेम अडखळतो तिथली मिनिटभराची नोंद घे, कार्डाचा वापर सोबत लाव, आणि ती फाइल मला पाठव. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर आणि रेघ सपाट पण उंच असेल, तर खुशाल नवं कार्ड घे. तसं नसेल तर आधी रॅम, तापमान आणि मागे चालणारे प्रोग्राम बघू.