पाणी तपासायचं घरगुती किट: आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, घरात पाण्याचं मशीन घ्यायचं चाललं असेल तर त्याच्या आधी हे किट मागवा. मी उलटं करणार होते, ॲडव्हान्सचे पैसे काढून टेबलावर ठेवले होते, आणि मुलीमुळे थांबले.

आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेला, पार टोकाला. कॉर्पोरेशनचं पाणी येतं पण पुरत नाही, मग टँकर, आणि त्यालाही कमी पडलं की बोअर. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत खालच्या टाकीत कधी काय असेल सांगता येत नाही. यंदा एप्रिलमध्ये बिल्डिंगमधल्या तीन-चार लहान मुलांना एकाच आठवड्यात जुलाब लागले, सगळे घाबरले, आणि त्याच आठवड्यात आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारं मशीन, विकणारा एक माणूस घरोघर डेमो द्यायला आला.

डेमो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. दोन ग्लास, एकात आपलं नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हीत सळया बुडवायच्या आणि प्लग लावायचा. मिनिटभरात आपला ग्लास तपकिरी, वर घाण फेस, तळाला चोथा, आणि त्याचा ग्लास तसाच्या तसा. "बघा मॅडम, हे तुम्ही मुलांना पाजताय." माझ्या पोटात गोळाच आला. सासूबाई म्हणाल्या घेऊन टाक बाई.

मुलगी आठवीत आहे, ती शेजारी उभी होती. ती म्हणाली, काका, तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत करू का? तो म्हणाला कर. मीठ टाकलं, सळया बुडवल्या, आणि त्याचा ग्लास आमच्यापेक्षा जास्त तपकिरी झाला. तो चोथा पाण्यातला नव्हताच, सळईचा होता. लोखंडी सळईतून करंट गेला की लोखंड पाण्यात विरघळतं आणि त्याचं हायड्रॉक्साईड होऊन खाली बसतं, म्हणजे जवळजवळ गंजच. आरओच्या पाण्यात क्षार नसतात म्हणून करंट जात नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ राहतं. त्या डेमोत फक्त एवढंच कळतं की तुमच्या पाण्यात क्षार आहेत, जे प्रत्येक विहिरीच्या, नदीच्या, धरणाच्या पाण्यात असतातच. मी त्या माणसावर रागावले नाही, त्याला जसं शिकवलं तसं तो करत होता, पण पैसे परत कपाटात ठेवले आणि त्या रात्री किट ऑर्डर केलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अशी किट बऱ्याच जणांची मिळतात आणि आतला माल साधारण तोच असतो. मला १८५० ला पडलं. आत पीएचच्या पट्ट्या (पाणी किती आम्लधर्मी ते कळायला), हार्डनेसच्या तीन बाटल्या (पाणी किती जड ते मोजायला), क्लोरीनसाठी ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब, लोह आणि नायट्रेटची टेस्ट, खिशात मावेल असा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर, आणि जंतूंसाठी पाच छोट्या काचेच्या बाटल्या. गावाकडच्या लोकांना ओटी टेस्ट माहीत असेल, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचं पाणी नळीत घेऊन थेंब टाकतो आणि पिवळं झालं की क्लोरीन आहे म्हणतो, तेच हे.

आम्ही तिन्ही पाणी वेगवेगळी घेतली, टाकीत मिसळायच्या आधीची. टँकरवाल्याला पाईप लावायच्या आधी एक बाटली भरून द्यायला लावली, तो हसला पण दिली.

टीडीएस मीटरवर, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, कॉर्पोरेशनचं ९५, टँकरचं ३१०, बोअरचं ७८०. आपल्या देशाचं पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० म्हणतं ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे या मीटरवर विश्वास ठेवला असता तर टँकर पास आणि बोअर नापास. इथेच लोक फसतात, आणि मीही तीन दिवस फसलेच. हा मीटर खरं तर पाण्यातून करंट किती जातो ते मोजतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. मुलीने एका ग्लासात साखर ढवळली तर आकडा हलला नाही, दुसऱ्यात मीठ टाकलं तर तो कुठच्या कुठे गेला. जंतू तर त्याला अजिबात दिसत नाहीत. गटाराचं चमचाभर पाणी बादलीत पडलं तरी टीडीएसमध्ये फरक कळणार नाही.

खरं काय ते त्या काचेच्या बाटल्यांनी सांगितलं. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतून पाण्यात येणारे बरेच जंतू हायड्रोजन सल्फाईड वायू सोडतात, बाटलीत लोहाचा क्षार आधीच असतो, दोघांचं मिळून आयर्न सल्फाईड होतं आणि ते काळंकुट्ट असतं. आम्ही तिन्ही बाटल्या फ्रीजच्या वर मागच्या बाजूला ठेवल्या, तिथे ऊब असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर कॉर्पोरेशनची जशीच्या तशी, बोअरची तशीच, आणि टँकरची शाईसारखी काळी. मी ती हातात धरून बराच वेळ उभीच होते. हेच पाणी मुलं पीत होती. आणि याच पाण्याला मीटरने ३१० दाखवून पास केलं होतं.

मग ओटीचे थेंब टाकून बघितलं, टँकरच्या पाण्यात पिवळेपणा शून्य, म्हणजे क्लोरीन टाकलेलाच नाही. कॉर्पोरेशनच्या पाण्यात छान फिकट पिवळा रंग, तक्त्यावर ०.२ आणि ०.५ च्या मध्ये कुठेतरी. मानकात नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलं पाहिजे असं आहे. म्हणजे जे पाणी स्वस्तात मिळतं तेच सगळ्यात चांगलं निघालं.

सोसायटीच्या मीटिंगला मी ती काळी बाटली घेऊन गेले. आधी कुणी ऐकेना, मग बाटली हातोहात फिरली आणि विषय पाच मिनिटांत संपला. आता टँकरचं पाणी टाकीत पडलं की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात. हिशोब साधा आहे, १००० लिटरला ५ ग्रॅम, आमची टाकी ४०,००० लिटरची म्हणून २०० ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही, बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. निदान अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट. पहिल्या वेळी रंग आलाच नाही कारण वॉचमनच्या खोलीतलं पोतं कधीपासून उघडं पडलेलं, क्लोरीन उडून गेलेला. नवीन पावडर आणली, हवाबंद डब्यात ठेवली, तेव्हा कुठे रंग आला. किट नसतं तर आम्ही महिनाभर नुसता चुना टाकत बसलो असतो आणि समाधानात राहिलो असतो.

आता हार्डनेसची टेस्ट, मला मनापासून आवडलेली. पाण्यात पहिल्या बाटलीचे थेंब टाकले की अमोनियाचा वास येतो, दुसरीचे टाकले की पाणी वाईनसारखं लाल होतं, मग तिसरीचा एकेक थेंब मोजत टाकायचा आणि ढवळायचं. एका थेंबाला लाल पाणी अचानक निळं होतं. जितके थेंब, गुणिले २५, तेवढा हार्डनेस. तिसऱ्या बाटलीतलं रसायन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला पकडून ठेवतं, सगळं पकडून झालं की रंग बदलतो. कॉर्पोरेशनला २ थेंब, टँकरला ८, बोअरला १९, म्हणजे ४७५. मानकात २०० चांगलं, ६०० च्या पुढे नको. साबणाला फेस का येत नाही, डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही टणक का राहते, गिझरची कॉईल दर वर्षी का जाते, सगळ्याचं उत्तर त्या १९ थेंबांत मिळालं.

मुलीने मग बोअरचं पाणी पंधरा मिनिटं उकळलं, थंड केलं, गाळलं आणि परत मोजलं, १२ थेंब. उरलेले सात पातेल्याच्या बुडाला पांढरा थर होऊन बसले होते. उकळल्यावर कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही, हे पुस्तकात असतं, पण बोटाने खरवडून बघितलं की वेगळंच वाटतं. त्या थरावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. गिझरवाल्याने कॉईल साफ करायला साडेसातशे सांगितले होते, आम्ही ती काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवली, सकाळी थर हाताने सुटत होता. पण प्लग काढल्याशिवाय हात लावू नका आणि जमत नसेल तर माणूसच बोलवा.

नायट्रेटची टेस्ट एकदाच केली. बोअरला गुलाबी रंग ४५ च्या खुणेच्या आसपास आला, आणि ४५ हीच मर्यादा आहे. तान्ह्या बाळांसाठी हे वाईट, आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. म्हणून बोअरचं पाणी आम्ही पिण्यात घेणं पूर्ण बंद केलं. लोह कशातच नाही.

पीएचच्या पट्ट्या ठीक आहेत, ग्रेट नाहीत. रंगांच्या तक्त्याची छपाई फिकट आहे, ७ आणि ८ मधला फरक ट्यूबलाईटखाली कळतच नाही, खिडकीशी जावं लागतं. आणि हा फरक छोटा नाही, पीएच एकाने बदलला म्हणजे आम्लता दहापटीने बदलली. हे मोजमाप १९०९ साली सोरेनसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने काढलं, तो कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा, हे मला मुलीने सांगितलं. मानक ६.५ ते ८.५ आहे आणि आमची तिन्ही पाणी त्यात बसली.

जुलैमध्ये नळाला गढूळ पाणी आलं तेव्हा मात्र पट्ट्यांचा उपयोग झाला. सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीने हंड्यात तुरटी फिरवली. तुरटीतलं ॲल्युमिनियम मातीच्या बारीक कणांना एकत्र आणतं, त्यांचे पुंजके होतात आणि तळाला बसतात, मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात पण हेच होतं, मग वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन. मुलीने एका भांड्यात मुद्दाम जास्त तुरटी टाकली तर पट्टी ५ कडे गेली, कारण तुरटीचं पाणी आम्लधर्मी. चुन्याची निवळी थोडी थोडी घातली तशी परत ७ वर आली. सासूबाई बघत होत्या, त्या म्हणाल्या आम्ही तर हळदीत चुना घालून कुंकू करायचो, ते पण हेच का गं? हेच. आम्लारीत, म्हणजे आम्लाच्या उलट असलेल्या चुन्यासारख्या पदार्थात, हळद लाल होते. पट्ट्या संपल्यावर मुलीने हळदीच्या पाण्यात फिल्टर पेपर बुडवून पट्ट्या केल्या, पण हळद आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते, त्यामुळे पिण्याच्या पाण्याला काही उपयोग नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस जास्त चांगला, आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा.

आता तक्रारी. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात, आमच्या मावशींना कसं वाचता येणार? ओटीचं रसायन घातक आहे, कातडीला लागू द्यायचं नाही, हे तर मोठ्या लाल अक्षरात हवं होतं, ते शेवटच्या पानावर तळाला आहे. मुलांना एकट्याने करू देऊ नका. जंतूंच्या बाटल्या फक्त पाच, दहा तरी हव्यात. काळी झालेली बाटली बेसिनमध्ये तशीच ओतायची नाही, आत ब्लीचिंग पावडर टाकून काही तास ठेवायची, हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि ब्लीचिंग पावडर हाताशी असेल तेव्हा टॉयलेट साफ करायचं ॲसिड त्यात कधीही, चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि बंद बाथरूममध्ये जीव जाऊ शकतो. आणि बाटली काळी झाली नाही म्हणजे पाणी शंभर टक्के चांगलं असंही नाही, शंका असेल तर सरकारी प्रयोगशाळेत सॅम्पल द्याच, आम्ही टँकरचं दिलं होतं आणि तिथेही जंतू निघाले.

आरओ घेतला का, असं सगळे विचारतात. नाही घेतला. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, पुढे तो वाद सुप्रीम कोर्टात गेला, पण आमच्यापुरतं गणित सोपं होतं. आमचा त्रास जंतूंचा होता, क्षारांचा नव्हता, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणं मला पटेना. प्यायला कॉर्पोरेशनचं पाणी वेगळं भरून ठेवतो, गाळून उकळतो. ज्यांच्याकडे पिण्यालाच बोअरचं ७८० आहे, नायट्रेट आहे, फ्लोराईड आहे, त्यांनी आरओ जरूर घ्यावा, त्यांना तो लागतोच.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो त्या माहितीपत्रकासाठी. जंतूंच्या दहा बाटल्या सुट्या मागवल्यात, त्यातल्या तीन माहेरी न्यायच्यात, आईच्या मळ्यातल्या विहिरीवर सहा घरं पाणी भरतात आणि ते पाणी आजपर्यंत कुणी तपासलेलं नाही.