पीएमची पहिली नोकरी: मोठी कंपनी की छोटी?

पाच-सहा वर्षं कोड लिहून किंवा टेस्टिंग करून प्रॉडक्टकडे वळायचं ठरवलंत आणि नशिबाने दोन ऑफर हातात आल्या, एक नावाजलेल्या कंपनीची आणि एक चाळीसेक माणसांच्या कंपनीची, तर काय करावं? मी पीएम म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर (प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं ते ठरवणारा) म्हणून दोन्हीकडे काम केलंय, आधी मोठ्या आणि मग छोट्या कंपनीत. पगार, ईसॉप (कंपनीचे शेअर), रेझ्युमेवरचं नाव यांचा हिशेब तुम्ही मांडलाच असेल, त्यात मी पडत नाही.

मोठ्या कंपनीचं एक ऋण मान्य करायला हवं. लिहायला मी तिथेच शिकलो. माझ्या पहिल्या पीआरडीवर (काय बनवायचं आणि का, हे मांडणारा कागद) एका सीनियर सहकारी बाईंनी एकच कमेंट टाकली होती: "यात आपण काय करणार नाही, ते कुठंय?" शिवाय तिथे आकड्यांना वजन असतं. कन्व्हर्जन (आलेल्यांपैकी किती जण खरेदी करतात ते प्रमाण) ५ टक्क्यांवरून ६ वर गेलं की नाही, हे ए/बी टेस्टने (काही युजरना जुनं रूप, काहींना नवं दाखवून) बऱ्यापैकी खात्रीने सांगायचं तर प्रत्येक बाजूला ढोबळमानाने ८,००० युजर लागतात. तिथे तेवढे जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमायचे. छोट्या कंपनीत आमचे सगळे युजर मिळूनही तेवढे नव्हते.

मग मोठी कंपनी का सोडली? ग्राहकाशी बोलू देत नव्हते म्हणून. म्हणजे तसं कोणी स्पष्ट म्हणत नव्हतं. ग्राहक सेल्सचा, त्याला फोन करायचा तर आधी अकाउंट मॅनेजरला विचारा. त्याचं उत्तर ठरलेलं: "रिन्यूअल होऊ दे, मग बघू." बिलांच्या स्क्रीनवरून एक्सेल डाउनलोड व्हायला वेळ लागतो, अशी एका ग्राहकाची तक्रार होती. तिकिटावर दोनच शब्द, 'एक्स्पोर्ट स्लो'. दोन स्प्रिंट (टीमच्या कामाचे ठरावीक आठवड्यांचे टप्पे) घालून आम्ही एक्स्पोर्ट वेगवान केला, तरी तक्रार तशीच. बऱ्याच महिन्यांनी कॉल जमला, तेव्हा पलीकडच्या अकाउंटंटने स्क्रीन शेअर केली. फाइल उतरवली, शेवटच्या कॉलमची बेरीज केली, आकडा वहीत लिहिला आणि फाइल डिलीट केली. त्यांना स्क्रीनच्या तळाशी फक्त एक बेरीज हवी होती!

यातली गंमत अशी की प्रॉडक्ट मॅनेजर या कामाचा उगम जिथे मानतात, त्या नील मॅकेलरॉय यांच्या १९३१ सालच्या प्रॉक्टर अँड गँबलमधल्या मेमोतच, माल खपत नसेल तिथे स्वतः जाऊन दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही समजून घ्या, असं सांगितलेलं आहे. साबण विकणाऱ्यांना जे जमलं, ते आम्हाला कॅलेंडरवर बसवता येत नव्हतं.

छोट्या कंपनीत सुखच सुख आहे असं मुळीच नाही. रविवारी रात्री फाउंडरचा मेसेज येतो आणि सोमवारी रोडमॅप बदललेला असतो. पीआरडी वाचून चूक दाखवणारं कोणी नसतं, त्यामुळे चुका थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरायला लागल्यावरच कळतात. ज्याने हे काम कधीच केलेलं नाही, त्याला हे जड जाऊ शकतं. एखादं वर्ष मोठ्या ठिकाणी हात बसवून मग निघालं तर वाईट नाही. पण छोट्या कंपनीत आठवड्यातला एक दिवस मी सपोर्टच्या चॅटवर बसायचो, आणि कोणी "चालत नाहीये" लिहिलं की दोन मिनिटांत फोन लावायचो. कोणाची परवानगी लागत नसे. माझ्यापुरता तराजू तिथेच कलला. तुमचा स्वभाव वेगळा असू शकतो. काहींना माणसांपेक्षा डॅशबोर्ड बरा वाटतो, आणि ते कामही उत्तम करतात.

एक मात्र करा. दोन्ही इंटरव्ह्यूंत विचारा, "गेल्या महिन्यात इथला पीएम स्वतः किती ग्राहकांशी बोलला?" "त्यासाठी आमच्याकडे वेगळी टीम आहे," असं उत्तर आलं, तर मी तरी दुसऱ्या ऑफरचा मेल पुन्हा एकदा उघडून वाचेन.