रिकामा पीसीआय स्लॉट आणि ऑडिओफाइल २४९६

जुन्या डेस्कटॉपला आजचं यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्याचा आवाज संगणकात घेणारं उपकरण) जोडायला गेलं की बहुतेक वेळा ठरलेल्या ठिकाणी घोडं अडतं. ड्रायव्हरला विंडोज १० च्या खालचं काही चालत नाही, पोर्ट यूएसबी १.१ चा निघतो, नाहीतर पोर्टातून मिळणारी ५०० मिलिअँपिअर वीज इंटरफेसला पुरत नाही. त्याच मदरबोर्डावर दोन-तीन पांढरे पीसीआय स्लॉट (जुन्या पद्धतीची कार्डं खोचायच्या खाचा) मात्र रिकामे पडलेले असतात. एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ हे साउंड कार्ड त्या स्लॉटसाठी बनलेलं आहे. उत्पादन केव्हाच बंद झालं, आता वापरलेलंच मिळतं. तरीही एक्सपी, विंडोज ७ किंवा लिनक्स चालवणाऱ्या, खरा पीसीआय स्लॉट असलेल्या मशीनसाठी दोन ट्रॅक रेकॉर्डिंग आणि मिडी (वाद्य आणि संगणक यांच्यात नोटांचे संदेश नेणारी जोडणी) एवढंच काम असेल, तर मी आधी हेच कार्ड शोधायला सांगेन.

कार्डावर काय आहे ते आधी नीट समजून घ्यावं, कारण निम्मी निराशा चुकीच्या अपेक्षेतून येते. मागच्या पट्टीवर चार आरसीए सॉकेट आहेत: दोन इनपुट, दोन आउटपुट. शेजारच्या डी-सब कनेक्टरला एक शेपटीसारखी केबल लागते. तिच्या टोकांना मिडी इन, मिडी आउट आणि एसपीडिफ डिजिटलचे इन-आउट असतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत काम चालतं. माइकचा प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) नाही, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) नाही, हेडफोनचं सॉकेट नाही. इनपुट फक्त लाइन लेव्हलचे (कीबोर्ड, मिक्सर यांतून येणाऱ्या तगड्या सिग्नलचे) आणि अनबॅलन्स्ड (बाहेरची खरखर रद्द न करणाऱ्या साध्या जोडणीचे) आहेत. म्हणजे माइक लावायचा तर मधे छोटा मिक्सर किंवा प्रीअँप हवाच. इलेक्ट्रिक गिटारला सुमारे १ मेगाओहम इनपुट असलेला डीआय बॉक्स (गिटार आणि पुढचं इनपुट यांची जुळवणी करणारी डबी) लागतो, नाहीतर आवाजातली चमक निघून जाते. रेकॉर्ड प्लेअरला फोनो प्रीअँप लागतो. कीबोर्ड, सिंथ, ड्रम मशीन यांचं लाइन आउट मात्र सरळ जोडता येतं.

ती शेपटीची केबल नसेल तर मिडी आणि एसपीडिफ दोन्ही गेले, फक्त आरसीए उरतात. वापरलेलं कार्ड घेताना सर्वात आधी हीच केबल सोबत आहे का ते विचारावं. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या केबलवर भागवू नये, आतली जोडणी वेगळी असते.

बसवणं सोपं आहे. वीज बंद करून प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेला विद्युतभार उतरवायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा आणि मगच कार्ड हातात घ्यायचं. ग्राफिक्स कार्डाला चिकटून असलेला स्लॉट शक्यतो टाळावा. तिथे उष्णताही जास्त आणि विजेची खरखरही. कार्ड बसवण्याआधी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन मदरबोर्डावरचं ऑनबोर्ड साउंड बंद करावं. बायोसची सीआर२०३२ बॅटरी एवढ्या जुन्या मशीनमध्ये बहुधा संपलेली असते. ती नवी घाला, नाहीतर प्लग काढला की बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि बंद केलेलं साउंड परत जागं होतं. कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर बघून घ्या. माथा फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला दिसला तर आधी बोर्ड दुरुस्त करावा, कार्डाचं नंतर बघता येईल.

विंडोज सुरू झाल्यावर नवं हार्डवेअर सापडल्याचा विझार्ड येतो. तो रद्द करून एम-ऑडिओच्या डेल्टा मालिकेचा इन्स्टॉलर चालवायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. विंडोज ७ साठी ६.०.८ ही आवृत्ती चालते. एक्सपीसाठी त्याआधीची ५ क्रमांकाची मालिका. विंडोज १० साठी कंपनीने हे कार्ड पुढे नेलेलं नाही. तिथे हेच ड्रायव्हर बसले तरी त्यावर विसंबून गंभीर काम करू नये.

डेल्टा कंट्रोल पॅनल ही या कार्डाची खरी ताकद आहे आणि लोक गोंधळतात तेही तिथेच. हार्डवेअर सेटिंग्ज या पानावर मास्टर क्लॉक (कार्डाचा वेग ठरवणारं घड्याळ) इंटर्नल ठेवायचा. तो चुकून एसपीडिफ इनवर राहिला आणि तिथे काही जोडलेलंच नसेल, तर आवाज येत नाही किंवा भलत्याच वेगाने वाजतो. कार्ड मेलं असं समजून परत केल्या जाणाऱ्या अनेक कार्डांचा दोष एवढाच असतो. त्याच पानावर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर) लॉक करण्याची सोय आहे. प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झचा असेल तर तोच लॉक करा आणि विंडोजचे सिस्टिम साउंड बंद करा. नाहीतर एखादी सूचनेची टिंग ४८ वर वाजायला जाते आणि रेटवरून ओढाताण सुरू होते.

बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर सुरुवात करावी. ४४.१ किलोहर्ट्झला हे २.९ मिलिसेकंद होतात. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक धरला तर जेमतेम ६, वर कन्व्हर्टरचा थोडा वेळ. पेंटिअम ४ च्या काळातल्या मशीनवर सॉफ्टवेअर सिंथ जड असेल तर २५६ वर जा, तेव्हा एका बाजूचे ५.८ मिलिसेकंद होतात आणि बोटांना ते खटकत नाहीत. गाणं किंवा वाद्य रेकॉर्ड करताना तर बफरची चिंताच नको. कार्डावरच्या आइस१७१२ चिपमध्ये स्वतःचा मिक्सर आहे. पॅनलमध्ये मॉनिटर मिक्सरमधून इनपुट उघडा, पॅचबेमध्ये (कुठला आवाज कुठे जायचा ते ठरवणाऱ्या पानावर) आउटपुटला मॉनिटर मिक्सर जोडा आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग (रेकॉर्ड होणारा आवाज लगेच ऐकवणं) बंद ठेवा. आवाज प्रोसेसरकडे न जाता कार्डातूनच कानावर येतो, म्हणून बफर १०२४ असला तरी गायकाला उशीर जाणवत नाही. दोन्ही मॉनिटरिंग चालू राहिली तर आवाज दुहेरी, पोकळ ऐकू येतो.

मिडीसाठी तर हे कार्ड मला विशेष आवडतं. यूएसबीच्या गुच्छात न अडकता पोर्ट थेट पीसीआयवर बसतो. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबल मोठा सिसएक्स डंप (सिंथचे साठवलेले आवाज एकगठ्ठा पाठवणारा संदेश) पाठवताना मधेच बाइट गाळतात आणि जुन्या सिंथचे पॅच बिघडतात. इथे तो प्रकार होत नाही. मर्यादा मिडीची स्वतःची आहे. वेग ३१,२५० बिट प्रतिसेकंद, म्हणजे एक नोट सुरू करायला सुमारे १ मिलिसेकंद. एकाच पोर्टवर चार वाद्यांची साखळी लावून दाट ठेका वाजवला तर शेवटचं वाद्य किंचित मागे पडणारच. आणि नेहमीची चूक: केबलचं मिडी आउट कीबोर्डच्या इनमध्ये जातं, आउटमध्ये नाही.

आता टकटक आणि तडतडीकडे वळू, कारण जुन्या मशीनवर खरा वेळ इथेच जातो. पहिलं कारण इंटरप्टची (कार्ड प्रोसेसरचं लक्ष वेधायला पाठवतं त्या इशाऱ्याची) वाटणी. पीसीआय स्लॉट आपली इंटरप्ट लाइन यूएसबी कंट्रोलर, नेटवर्क किंवा ग्राफिक्सशी वाटून घेतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून रिसोर्सेस बाय कनेक्शन निवडलं की कोण कुणाबरोबर आहे ते दिसतं. नको असलेला शेजारी निघाला तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा, आणि सिरियल, पॅरलल असे न वापरलेले पोर्ट बायोसमधून बंद करा. दुसरं कारण वीजबचत: स्पीडस्टेप, कूल अँड क्वाएट, सी१ई हे बायोसमध्ये बंद करून बघा. तिसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. एक्सपीमध्ये आयडीई डिस्कला वारंवार चुका आल्या की विंडोज ती डिस्क गुपचूप पीआयओ मोडवर (माहिती प्रोसेसरनेच हलवायच्या संथ पद्धतीवर) टाकतं आणि डिस्क वाचतानाच सगळा प्रोसेसर खर्ची पडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये करंट ट्रान्सफर मोड बघा. पीआयओ दिसलं तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा. परत तेच झालं तर डिस्कची पट्टीसारखी केबल बदला. ही तिन्ही कारणं तपासून झाल्यावरच कार्डावर संशय घ्यावा. डीपीसी लेटन्सी चेकरमध्ये (ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवतात ते दाखवणाऱ्या साधनात) लाल दांड्या दिसत असतील तर दोष कुठल्या तरी ड्रायव्हरचा आहे. नेटवर्क कार्ड आणि वायफाय एकेक करून डिसेबल करून बघितलं की चोर सापडतो.

सतत येणारा गुणगुणाट वेगळा. तो बहुधा अर्थिंगच्या लूपचा असतो आणि अनबॅलन्स्ड जोडणीत त्याला मोकळं रान मिळतं. संगणक, मिक्सर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आरसीए केबल ३ मीटरच्या आत ठेवा. तरी राहिला तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कर्नलमधला आइस१७१२ मॉड्यूल कार्ड ओळखतो. पण आवाज लगेच येईल असं नाही. ही चिप मोठ्या स्टुडिओ कार्डांसाठी बनलेली असल्यामुळे अल्साला (लिनक्सच्या ध्वनी यंत्रणेला) ती १० प्लेबॅक आणि १२ रेकॉर्डिंग चॅनलची दिसते. आपले आरसीए इनपुट १-२ वर, एसपीडिफ ९-१० वर आणि हार्डवेअर मिक्सर ११-१२ वर असतो. अल्साच्या साधनांसोबत येणारं एन्व्ही२४कंट्रोल उघडून पॅचबेमध्ये हार्डवेअर आउट १-२ ला पीसीएम आउट १-२ जोडा. जॅक या लिनक्सवरच्या ऑडिओ सर्व्हरमध्ये १२८ फ्रेम आणि २ पीरियड ही सुरुवात चांगली.

मशीन थोडं नवं असेल तर स्लॉट पीसीआयचा दिसूनही आतून तसा नसतो. इंटेलने ६ मालिकेतल्या पी६७, एच६७, झेड६८ या चिपसेटमधून मूळ पीसीआय काढून टाकलं. अशा बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेसमधून पूल चिप लावून स्लॉट दिलेला असतो. त्यातली एएसएम१०८३ ही चिप इंटरप्टच्या अडचणींसाठी कुप्रसिद्ध आहे, लिनक्सवर विशेष. त्याच काळातल्या बी६५ आणि क्यू६७ चिपसेटमध्ये मूळ पीसीआय आहे. कार्यालयांतून निघालेले डेस्कटॉप अनेकदा या चिपसेटचे असतात, आणि या कार्डासाठी तेच उत्तम.

दोनाहून जास्त इनपुट एकाच वेळी हवे असतील तर हे कार्ड घेऊ नका. याच मालिकेतलं डेल्टा १०१०एलटी बघा, त्यात आठ अ‍ॅनालॉग इनपुट आहेत आणि त्यांतले दोन माइकसाठी आहेत. ९६ किलोहर्ट्झचा मोहही आवरा. २४ बिट स्टिरिओ ४४.१ ला मिनिटाला सुमारे १६ एमबी जागा घेतो, ९६ ला ३५ च्या आसपास. जुन्या डिस्कला दहा ट्रॅक एकदम वाचताना हा फरक चांगलाच जाणवतो.

कार्ड हातात आल्यावर दहा मिनिटांची चाचणी करा. मॉनिटर मिक्सर पूर्ण बंद, स्पीकरचा आवाज खाली. आरसीए आउट १ मधून इन १ मध्ये आणि आउट २ मधून इन २ मध्ये केबल टाका, उणे १२ डेसिबलचा १ किलोहर्ट्झ टोन वाजवत रेकॉर्ड करा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी यायला हवी. मग टोन थांबवून शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका, फुसफुस किंवा चिरचिर ऐकू येता कामा नये. शेवटी मिडी आउटची मिडी इनशी गाठ घाला आणि पाचशे नोटा पाठवून पाचशे परत येतात का ते मोजा.