झिरो बिअरचे चार महिने, कानातल्या शिट्टीसकट

पहिलंच सांगतो, हा रिव्ह्यू चवीचा कमी आणि कानाचा जास्त आहे. अल्कोहोल नसलेली बिअर मी हौसेने घेतलेली नाही, डाव्या कानात तीन वर्षांपासून जी बारीक शिट्टी वाजतेय तिच्यासाठी घेतली, आणि ज्यांच्या कानात असंच काहीतरी वाजतं आणि शुक्रवारी मित्रांबरोबर बसलं की शनिवारी ते दुप्पट वाजतं त्यांच्या कामाला येईल म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. एका ब्रँडचं नाव घेत नाही, तीन वेगवेगळे पिऊन बघितले आणि खाली जे आहे ते तिन्हींना कमीजास्त लागू आहे.

कानाचं कारण माहितीये. नऊ वर्षं ढोलताशा पथकात ताशा वाजवलाय. पावसाळ्यात नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव, मग गणपतीचे दहा दिवस, मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर तर आवाज दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून परत अंगावर येतो, आणि इतक्या वर्षांत कानात कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढला तेव्हा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला, मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची ही ठरलेली खूण असते. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत, तिकडून सिग्नल कमी यायला लागला की मेंदू आपल्या बाजूने व्हॉल्यूम वाढवतो आणि मग बाहेर काहीच वाजत नसताना आपल्याला वाजल्यासारखं ऐकू येतं, असं ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं. याला टिनिटस म्हणतात. कोणाला रातकिडे, कोणाला कुकरची वाफ, कोणाला जुन्या ट्यूबलाइटच्या चोकसारखी गुणगुण. माझी शिट्टी आहे.

आता दारूचं. आमचं दर शुक्रवारचं बसणं ठरलेलं, चार जण, एक परमिट रूम, माझ्या दोन स्ट्राँग. मी स्वतःला कायम ‘मी काय फक्त बिअर पितो’ या गटात धरायचो. मॅडमनी कागदावर हिशोब मांडून दाखवला, ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची असेल तर त्यात ५२ मिली अल्कोहोल, आणि व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १३. म्हणजे एक स्ट्राँग बरोबर चार छोटे पेग, दोन म्हणजे आठ. मला खरंच धक्का बसला होता, घरी येऊन मी परत गुणाकार करून बघितला.

आणि शनिवारी सकाळी काय व्हायचं तर पहाटे तीन-साडेतीनला टक्क जाग, तोंड कोरडं, छातीत धडधड आणि शिट्टी एवढी मोठी की उशीत कान दाबला तरी तीच, पंखा पाचवर केला तरी तीच. दुपारपर्यंत कोणाशी बोलायची इच्छा नाही. मॅडमकडे टिनिटसचा त्रास किती ते मोजायला २५ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात, हो म्हटलं की ४, कधीकधी म्हटलं की २, नाही म्हटलं की ०, एकूण १०० पैकी. माझे ५२ आले होते. त्यांनी लगेच दारू सोडा असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, एका वहीत रोज सकाळी उठल्यावर शिट्टीला ० ते १० मध्ये आकडा द्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

झिरो बिअर घ्यायचं कारण हे. तीच जागा, तीच माणसं, तोच चकणा, रात्रीची तीच वेळ, हातात तसाच ग्लास, फक्त अल्कोहोल वजा. घरी बसून दारू सोडली असती तर बारमधली गाणी, तळलेलं खाणं, जागरण हे सगळं एकदमच सुटलं असतं आणि श्रेय सगळं दारूला गेलं असतं.

वस्तूबद्दल आधी सांगून टाकतो. ही सुपरमार्केटला आणि डिलिव्हरी अ‍ॅपवर सरळ मिळते, वाइन शॉपला जावं लागत नाही. मला ३३० मिलीचा कॅन शंभरच्या आतबाहेर पडला, आणि ज्यात चढत नाही त्याला एवढे पैसे का असं मित्राने विचारलं तेव्हा माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. आमच्या परमिट रूममध्ये ती ठेवतच नाहीत, मालकांना कानाचं सगळं सांगितलं तेव्हा बाहेरून आणायला परवानगी दिली, वेटरदादा तर दुसऱ्या आठवड्यापासून स्वतःच फ्रीजमध्ये गार करून ठेवायला लागले. लेबल मात्र नीट वाचा. ‘नॉन अल्कोहोलिक’ लिहिलेल्यात ०.५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, ‘०.०’ वेगळं. आणि लिंबू घातलेली, साखरेची माल्ट ड्रिंक्स त्याच रॅकवर ठेवलेली असतात, ती बिअर नाहीत, ती कोल्ड्रिंक आहेत, मी पहिल्यांदा चुकून तीच उचलली होती.

चव, एका ब्रँडला भिजवलेल्या पावासारखा गोडूस वास येतो, आंबवणं मध्येच थांबवून बनवली की असा वास राहतो म्हणतात. ज्यांच्यात पूर्ण बिअर बनवून मग अल्कोहोल काढून घेतात त्या बऱ्याच जवळ जातात, कडवटपणा असतो, फेस असतो, पण घोट गिळल्यावर घशात जी ऊब येते ती नसते आणि मागे थोडं पाणचट लागतं. एकदम गार आणि ग्लासात ओतून प्या, कॅनमधून प्यायलात तर दुसऱ्या घोटाला सोडून द्याल.

आता वहीतले आकडे, यासाठीच मी हे लिहायला बसलो. माझा साध्या दिवशीचा आकडा ३ किंवा ४ असतो. दोन स्ट्राँगनंतरच्या शनिवारी ७, एकदा ८. झिरो बिअर घेऊन त्याच बारमध्ये तीन तास बसलो तर मला वाटलं होतं ३ येणार. आला ५. पुढच्या शुक्रवारी परत ५. मी चक्रावलो, एक थेंब दारू नाही तरी वाढतोय कसा. तिसऱ्या वेळी फोनवर डेसिबलचं अ‍ॅप लावून टेबलावर ठेवला, आमचं टेबल स्पीकरखाली, आकडा ९४ च्या आसपास घुटमळत होता. फोनचं अ‍ॅप म्हणजे काही प्रयोगशाळेचं मीटर नाही, पण अंदाज येतो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. आम्ही तीन तास बसायचो, दर आठवड्याला, आणि माझा कान आधीच मार खाल्लेला. म्हणजे इतकी वर्षं ज्याला मी दारूचा त्रास म्हणत होतो त्यातला मोठा वाटा स्पीकरचा होता.

पण म्हणून दारू निर्दोष ठरत नाही. मॅडमनी सांगितलेली गोष्ट अशी की मधल्या कानात एक बारीक स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आवळून आत जाणारा आवाज थोडा अडवतो, आणि दारू प्यायल्यावर तो जागा व्हायला आणखी मोठा आवाज लागतो. वर आपल्यालाच जरा कमी ऐकू यायला लागतं म्हणून आपण ओरडून बोलतो, समोरचा त्याहून ओरडतो, कोणीतरी गाणं वाढवायला सांगतं. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर बसून एकमेकींना मदत करतात.

मग उलटी बाजू पण बघितली. घरी, शांतपणे, स्पीकर नाही, दोन स्ट्राँग. शनिवारी ६. आणि एक माइल्ड, जेवणाबरोबर, आठच्या आत संपवलेली, तर ४, म्हणजे नेहमीचाच. हे मी तीन-तीन वेळा केलंय, एकेकदा नाही. माझ्यापुरतं उत्तर असं निघालं की थोडी आणि लवकर घेतली तर कानाला फरक पडत नाही, जास्त आणि उशिरा घेतली तर झोप मोडते आणि झोप मोडली की शिट्टी चढते. दारूने झोप लागते लवकर पण उत्तररात्री ती तुकड्यातुकड्यांची होते. पहिले काही तास दारू मेंदूला शांत करणारं रसायन जोरात चालवते आणि उत्तेजित करणारं दाबून ठेवते, उतरायला लागली की ते दाबलेलं उसळून वर येतं, पहाटे तीनची धडधड ती हीच, आणि ज्या मेंदूने आधीच व्हॉल्यूम वाढवून ठेवलाय त्याला ही उसळी म्हणजे काय ते विचारू नका. पाण्याचंही आहे, दारूने लघवी जास्त होते, शरीर कोरडं पडतं. आडवं झाल्यावर खोली गरगरते तोही आतल्या कानाचाच प्रकार, तोल सांभाळणाऱ्या भागातल्या जेलीसारख्या पडद्यात अल्कोहोल आधी शिरतं आणि भोवतीच्या द्रवात नंतर, वजनाचा हिशोब बिघडतो. काही तासांनी उतरताना उलटं होतं, आधी पडद्यातून बाहेर येतं, म्हणून पहाटे परत गरगरतं.

सगळ्यांचं माझ्यासारखंच होईल असं नाही. दारू आणि टिनिटसच्या अभ्यासांची उत्तरंही एकसारखी नाहीत, काहींना वाढतं, बऱ्याच जणांना काहीच होत नाही, आणि काहींना पिताना चक्क कमी होतं. मला या तिसऱ्या लोकांची खरी काळजी वाटते. कारण मीही त्यात होतो. शिट्टी सुरू झाली त्या पहिल्या वर्षी दोन महिने मी रोज रात्री झोपायच्या आधी क्वार्टरमधली अर्धी घ्यायचो, कारण अर्धा तास खरोखर शांत वाटायचं, शिट्टी असायची पण तिची पर्वा नसायची. मग अर्धीने भागेना. बायकोने एक दिवस विचारलं, आज कान वाजतोय म्हणून घेतोस की घ्यायचीये म्हणून कान वाजतोय, आणि मला उत्तर देता आलं नाही. तिच्या त्या एका प्रश्नामुळे मी पहिल्यांदा कान तपासायला गेलो. शांतता मिळवायला पिणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत, ते सांगत नाहीत, त्यांना दारुडे म्हणून झटकू नका, रात्री दोन वाजता एकट्याने ती शिट्टी ऐकणं काय असतं ते त्यांनाच माहिती.

आणि जे रोज आणि जास्त पितात त्यांनी हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. दारू सोडलेल्या माणसाच्या हातात झिरो बिअरही देऊ नका, तोच वास, तोच फेस, ओढ परत जागी होऊ शकते. माझ्या एका काकांना चक्कर, कान भरणं आणि आवाज असं तिन्ही एकत्र येतं, मेनिअर्स या आतल्या कानाच्या आजाराचं निदान आहे, त्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला आणि दारू जपून घ्यायला सांगितलंय, त्यांच्या बाबतीत माझी वही लागू नाही, आणि खारे शेंगदाणे-वेफर्सची प्लेट झिरो बिअरबरोबरही तेवढीच खारट असते.

हँगओव्हरला अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनो, मोठ्या डोसमध्ये अ‍ॅस्पिरिननेच कान वाजतात. आणि एका कानाचं अचानक ऐकू येणं बंद झालं किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक आवाज येत असेल तर वही-बिही काही नाही, त्याच दिवशी इएनटीकडे जा, अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराला दिवस मोजके असतात.

रेटिंग. चवीला ५ पैकी ३. किमतीला २. माझ्यासारख्या माणसाने दारूचा वाटा किती आणि आवाजाचा किती हे वेगळं काढायला वापरली तर ५, यापेक्षा सोपी वस्तू मला सापडली नाही. फॉर्मवरचे ५२ आता ३४ आहेत, पण त्याचं सगळं श्रेय मी कॅनला देणार नाही, झोपताना उशाशी पावसाचा आवाज लावतो, मॅडमकडे समुपदेशनाची सहा सेशन झालीत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमचं टेबल बदललं. मित्रांनी काही न विचारता बदललं, आता आतल्या खोलीत मोरीजवळ बसतो, तिथे अ‍ॅप ७५ दाखवतं. मागच्या शुक्रवारी एक माइल्ड आणि मग एक झिरो, दहाला घरी. शनिवारी वहीत ३ लिहिला आणि परत झोपलो.