प्राझिक्वान्टेल पावडर: ४ स्टार, आणि १ स्टार देणाऱ्यांशी थोडं भांडण

हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, प्राझिक्वान्टेल या माशांच्या जंतांवरच्या औषधाचा आहे, कारण डब्यावर नाव काहीही छापलेलं असो, आतली पांढरी कडू पावडर तीच. मासे पाळणाऱ्यांत हिच्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात, एक म्हणजे जादू आहे आणि दुसरं म्हणजे पैसे पाण्यात, आणि गंमत अशी की दोघंही खरंच बोलत असतात, फक्त दोघांच्या माशांना वेगवेगळे जंत झालेले असतात.

तर आधी हे चालतं कशावर ते बघू. चपटे जंत. कल्ल्यांवर बसणारा डॅक्टिलोगायरस, अंगावर आणि परांवर बसणारा गायरोडॅक्टिलस, आणि आतड्यातले पट्टकृमी म्हणजे आपले टेपवर्म. औषध लागलं की जंताच्या शरीरात कॅल्शियम भसाभस घुसतं, स्नायू आखडतात, वरचं आवरण फाटतं आणि पकड सुटते. १९७० च्या दशकात जर्मनीत बायर आणि मर्क यांनी काढलेलं औषध आहे, माणसांच्या शिस्टोसोमायसिसवर (रक्तात राहणाऱ्या चपट्या जंतांचा आजार) आजही हेच देतात, डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे उगाच कुणीतरी खपवलेला काढा वगैरे समजू नका.

माझ्याकडे बोटुकल्यांच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या टाकीत वापरलं. लक्षणं नेहमीचीच, मासे पाणी येतं तिथे गर्दी करून उभे, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतायत, मधेच एखादा भिंतीला अंग घासून जातो, खाद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण या लक्षणांवरून औषध टाकायचं नाही हां, ऑक्सिजन कमी असला किंवा अमोनिया वाढला तरी मासे हेच करतात. जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचं टोक कापून स्लाइडवर ठेवायचं, वर थेंबभर त्याच टाकीचं पाणी आणि कव्हरस्लिप, शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपवर ४० ते १०० पट मोठं करून बघितलं की वळवळताना दिसतात. डोक्याकडे चार काळे ठिपके असतील तर डॅक्टिलोगायरस. ठिपके नाहीत आणि पोटात हुकांसकट आख्खं पिल्लू दिसतंय तर गायरोडॅक्टिलस, त्याच्या तर पोटातल्या पिल्लाच्या पोटातही पुढचं पिल्लू तयार होत असतं, बघताना खरंच मजा येते, फक्त मासे आपले नसावेत. मासा मरून बराच वेळ झाला की काही दिसत नाही आणि मग लोक म्हणतात जंत नव्हतेच.

२.५ पीपीएमने (लिटरमागे २.५ मिलिग्रॅम) डोस दिला, म्हणजे १०,००० लिटरला २५ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी मासे खाद्यावर तुटून पडले आणि स्लाइडवर एक जंत सापडेना. आणि मासे अजिबात तणावात गेले नाहीत, हा या औषधाचा सगळ्यात मोठा प्लस. जंतांवरच वापरतात त्या फॉर्मलिनमध्ये ही चैन नाही, तळ्यात २५ पीपीएम टाकलं तर हळूहळू ५ पीपीएमच्या आसपास ऑक्सिजन खेचून घेतं, आणि ज्या माशाचे कल्ले आधीच जंतांनी खाल्लेत त्याचा श्वास कोंडणं हा काय उपचार झाला? पोटॅशियम परमँगनेट स्वस्त आहे पण पाण्यात शेवाळ आणि घाण जास्त असली की ते घाणीवरच खर्च होऊन जातं. मिठाचा डिप, म्हणजे मासे थोडा वेळ खारट पाण्यात बुडवणं, गायरोडॅक्टिलसला बरा लागू पडतो, डॅक्टिलोगायरसला तेवढा नाही.

आता जिथे लोक फसतात ते. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि हे औषध अंड्यांना काही करत नाही. पाणी पंचवीसेक डिग्री असेल तर काही दिवसांत अंडी फुटतात, थंड पाण्यात आठवडे लागतात, म्हणजे पहिल्या डोसनंतर फुटलेली पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालायच्या आत दुसरा डोस गेला पाहिजे आणि तो दिवस कॅलेंडर बघून ठरत नाही, थर्मामीटर बघून ठरतो. एकदाच टाकून महिन्याभराने परत जंत आले की "औषध बोगस" म्हणून शिव्या घालणारे बहुतेक याच गटातले. गायरोडॅक्टिलस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, त्यामुळे तिथे बऱ्याचदा एका डोसवर भागतं.

दुसरा गट अँकर वर्मवाला. अहो तो वर्म नाहीच! लर्निया हा कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातला प्राणी आहे, अंगातून दोरा लोंबल्यासारखा दिसतो म्हणून वर्म नाव पडलं, त्याच्यावर प्राझिक्वान्टेल ओतून काय होणार. तिसरा गट, माशाच्या गुदद्वारातून लाल धागे बाहेर आलेत, तो कॅमलॅनस, गोलकृमी, त्याला लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल लागतं. या दोन्ही केसमध्ये १ स्टार औषधाला देणं म्हणजे अन्याय आहे, राग आला तर दुकानदारावर काढा ज्याने न विचारता पुडी हातात ठेवली.

मी जो एक स्टार कापलाय तो विरघळण्यावरून. ही पावडर पाण्यात विरघळायला भयंकर नाटकं करते, लिटरभर पाण्यात जेमतेम ४०० मिलिग्रॅम, तेही नीट घुसळल्यावर. नुसती वरून शिंपडली तर तरंगत कडेला जाऊन बसते. थोड्या पाण्यात मिक्सरमधून काढून, ते दूध पाण्याच्या धारेखाली हळूहळू सोडायचं. काहीजण अल्कोहोलमध्ये विरघळवतात, विरघळते छान पण मग पाण्यातल्या बॅक्टेरियांची पार्टी होते आणि ऑक्सिजन खाली येतो, एअरेटर फुल चालू ठेवायची तयारी असेल तरच. फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा नाहीतर सगळं औषध तोच पिऊन टाकेल. आणि तेच तेच पाणी फिरणाऱ्या सिस्टिममध्ये वारंवार वापरलं तर बॅक्टेरिया या औषधालाही सरावतात आणि ते भराभर तोडून टाकतात, पुढचा डोस लवकर संपतो, हे डब्यावर कुणी लिहीत नाही.

मोठ्या तळ्यात पाण्यात टाकायचा विचार सोडून द्या. अर्धा हेक्टर, एक मीटर खोल, म्हणजे ५० लाख लिटर, नुसत्या २ पीपीएमला १० किलो शुद्ध पावडर. परवडणारंच नाही. टेपवर्म असतील तर खाद्यातून द्या, माशाच्या वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम धरलं तर १०० किलो माशांना ५ ग्रॅम. अडचण एकच, चव. मासे तोंडात घेऊन थुंकतात, थोडं तेल चोळून आणि आदल्या दिवशी उपाशी ठेवून बघा. जे सगळ्यात आजारी ते सगळ्यात कमी खातात, त्यामुळे खाद्यातून दिलेला डोस नेमका त्यांनाच कमी पोचतो, यावर माझ्याकडे तरी तोडगा नाही.

आणि तळ्यातले टेपवर्म औषधाने कायमचे जात नाहीत. एशियन टेपवर्मची पिल्लं सायक्लॉप्ससारख्या बारीक जिवांत वाढतात, मासा ते खातो आणि परत पहिल्यापासून सुरू. हा जंत गवत्या माशासोबत जगभर पोचलाय, म्हणून नवीन बीज (सोडायची पिल्लं) आणलं की वेगळ्या टाकीत ठेवून तपासल्याशिवाय मुख्य तळ्यात सोडू नका. डोळे पांढरे करणारा डिप्लोस्टोमम किंवा मांसात पिवळ्या गाठी करणारा क्लिनोस्टोमम असेल तर साखळी गोगलगाय, मासा आणि पाणपक्षी अशी आहे. तिथे काठावरचं गवत काढणं, गोगलगायी कमी करणं, वर जाळी टाकणं आणि माल निघाल्यावर तळं कडकडीत वाळवून चुना मारणं हे जास्त कामाचं. गाठीच्या आत बसलेला जंत औषधाने मेला तरी गाठ तिथेच राहते आणि गिऱ्हाईक तो मासा घेत नाही.

खाण्यासाठी वाढवताय तर आधी तुमच्याकडच्या नियमात हे औषध बसतं का आणि औषध दिल्यावर किती दिवस मासे विकायचे नाहीत ते माशांच्या डॉक्टरला विचारा, शोभेच्या माशांचा हिशोब इथे लावू नका.

घेताना लेबलवर शुद्धता किती टक्के ते बघा. काही पुड्यांत निम्मं फिलर असतं आणि वरचे सगळे डोस मी शुद्ध पावडरचे लिहिलेत, ५० टक्केवाली असेल तर वजन दुप्पट धरा. टक्केवारी छापलेलीच नसेल तर ती पुडी घेऊच नका.