सोनेरी लवेच्या वृक्षनेच्याचे काप: माल उत्तम, माहिती अपुरी

भातलावणी उरकली की तळकोकणात कंबर धरलेल्या माणसांची काष्ठौषधींच्या दुकानांत ये-जा वाढते. सावंतवाडीच्या बाजारातील अशाच एका दुकानाने सिबोटियम बॅरोमेट्झ या आशियाई वृक्षनेच्याच्या (ट्री फर्नच्या) गड्ड्याचे सुके काप मला मागवून दिले. चिनी वैद्यकात हे काप कंबर आणि गुडघे बळकट करण्यासाठी, दमट हवेत बळावणाऱ्या सांधेदुखीवर आणि वारंवार लघवी होण्याच्या तक्रारीवर फार पूर्वीपासून काढ्यातून दिले जातात. गड्ड्यावरची सोनेरी लव जखमेचे रक्त थांबवण्यासाठी वापरतात. ही लव इतकी दाट असते की अशा गड्ड्यांना युरोपात एकेकाळी झाडाला लागलेले कोकरू समजत, आणि १६९८ मध्ये ब्रिटनमधील वैद्य आणि निसर्ग-अभ्यासक हान्स स्लोन यांनी तसा एक नमुना नेच्याचाच असल्याचे दाखवून दिले.

माल पाहून समाधान वाटले. काप पातळ, फिकट तपकिरी असून बोटांत कटकन मोडतात आणि आतून पिठूळ आहेत. कडेपासून किंचित आत एक पिवळट तपकिरी, उंचावलेली रेघ कापाभोवती फिरते. अस्सल मालाची ही खूण जवळजवळ प्रत्येक कापावर स्पष्ट दिसली, आणि कडेच्या खाचांत थोडी लवही शिल्लक होती. चव सौम्य, जराशी तुरट आहे.

मात्र काप कच्चे की भाजलेले, हे पुडीवर कुठेच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे. चिनी पद्धतीत ते पुष्कळदा तापलेल्या वाळूत फुगेपर्यंत भाजतात, करपलेली लव काढून टाकतात आणि मगच काढ्याला घेतात. तिथल्या औषधकोशात दिवसाचे प्रमाण ६ ते १२ ग्रॅम दिले आहे. तरीही लघवी कमी होणाऱ्यांनी किंवा लघवीला जळजळ असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये. शिवाय पिठूळ माल साध्या कागदी पुडीत देणे आपल्या आषाढातल्या हवेत मुळीच योग्य नाही, त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

माल कुठून आला, हेही दुकानात सांगता आले नाही. ही वनस्पती सायटिस, म्हणजे संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारायलाच हवा. त्याऐवजी सह्याद्रीतला वृक्षनेचा तोडून आणणे हा तर उपाय नव्हेच, कारण त्याचे कुळ वेगळे आहे आणि तो आधीच विरळ होत चालला आहे. मालाच्या प्रतीला पाचपैकी चार गुण देईन, पण पुडीवरच्या माहितीला एकही देता येत नाही.